तपासलं की निघतं

रक्त द्यायला गेलो आणि रक्त न देताच परत आलो, तिथून हे सगळं सुरू झालं.

मी अठराव्या वर्षापासून रक्तदान करतो आणि ते चारचौघांत सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. त्या दिवशीही खुर्चीत टेकता टेकता पट्टा बांधणाऱ्या मुलीला 'ही माझी एक्केचाळिसावी वेळ' असं ऐकवून झालं होतं. तिने हवा भरली, सोडली, आकडा पाहिला आणि काही न बोलता पुन्हा भरली. मग कागदावर १६८/१०२ लिहून म्हणाली, "सर, आज नको. एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या."

"आत्ताच जिने चढून आलो ना," मी म्हणालो.

शिबिर तळमजल्यावर होतं.

पुढचे अकरा दिवस मी कुठल्याही डॉक्टरकडे फिरकलो नाही. अपुरी झोप, ऑफिसातली ओढाताण, ते जुनाट मशीन, अशी कारणं एकेक करून गोळा केली. त्यातलं सगळ्यांत भक्कम कारण म्हणजे मला काहीही होत नव्हतं. चक्कर नाही, धाप नाही, छातीत कळ नाही. वय ४६, पोट जरासं पुढे, बाकी ठणठणीत. तेच कारण सगळ्यांत पोकळ होतं, हे नंतर कळलं. बीपी वाढलेल्या बहुतेकांना काहीच जाणवत नाही. हृदय, मेंदू आणि मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्यांवर त्याचं काम वर्षानुवर्षं मुकाट्याने चालू असतं.

दादाला फोनवर सांगितलं. दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. अण्णा गेल्यापासून घरातलं वडीलपण त्याच्याकडेच आहे. तो म्हणाला, "कशाला त्या फंदात पडतोस? तपासलं की निघतं. नाही तपासलं तर काही नसतं. आज बीपी म्हणतील, उद्या शुगर, परवा तुला आडवं करून नळी घालतील."

खरं सांगायचं तर मला बरं वाटलं ते ऐकून. त्या वाक्याच्या सावलीतच मी ते अकरा दिवस काढले. शेवटी बायकोनेच नंबर लावला आणि मला संध्याकाळी फक्त वेळ कळवली.

डॉक्टर बाई माझ्याच वयाच्या असतील. आत जाण्याआधी एक कागद भरायचा होता. त्यात एक प्रश्न असा: वडील किंवा भाऊ यांना ५५ वर्षांच्या आत, अथवा आई किंवा बहीण यांना ६५ वर्षांच्या आत हृदयविकार झाला होता का? मी 'नाही' वर खूण केली. आत गेल्यावर त्यांनी विचारलं, "वडील आहेत?"

"नाही. मी पंधरा वर्षांचा असताना गेले."

"कशाने?"

"धक्क्याने."

"कसला धक्का?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. एकतीस वर्षं आमच्या घरात 'अण्णा धक्क्याने गेले' असंच बोललं जात होतं आणि कसला, हे कुणी विचारलेलं नव्हतं. मीसुद्धा नाही. अण्णा ५१ वर्षांचे होते. रात्री जेवून झोपले ते सकाळी उठलेच नाहीत.

घरी येऊन आत्याला फोन लावला. तिचं पहिलं वाक्य अपेक्षेप्रमाणेच होतं. "अरे, त्याला कसला आलाय आजार? दणकट होता तो." मग थोडं इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "हां, डोकं धरून बसायचा कधीकधी. डॉक्टरांनी ब्लडप्रेशरच्या गोळ्या दिल्या होत्या. दोन महिने घेतल्या असतील. मग बरं वाटलं, सोडल्या. बरा असताना गोळ्या खाणाऱ्यातला नव्हता तो." हे तिने कौतुकाने सांगितलं. डोकेदुखी बीपीमुळेच होती असं नाही, पण त्या निमित्ताने कुणीतरी पट्टा बांधला होता, आकडा सापडला होता, औषधही मिळालं होतं. म्हणजे अण्णांचं तपासून झालं होतं आणि निघालंही होतं. मृत्यूचं नेमकं कारण आता कधीच कळणार नाही. तरीही पुढच्या खेपेला मी कागदावरची खूण बदलून घेतली.

बाईंनी पहिल्याच भेटीत गोळी दिली नाही, याचं मला आश्चर्य वाटलं. दवाखान्यात आलं की अनेकांचं बीपी नुसत्या धास्तीने चढतं, म्हणून त्यांनी आधी सात दिवस घरी मोजायला सांगितलं. मला वाटलं, त्यात काय, पट्टा बांधायचा आणि बटण दाबायचं. पण त्यांनी मागच्या पानावर सगळं लिहून दिलं. लघवीला जाऊन यायचं. मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, सिगारेट काही नाही. खुर्चीला पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचं. पायावर पाय टाकायचा नाही. दंड उघडा आणि टेबलावर टेकलेला, पट्टा हृदयाच्या उंचीवर. मोजताना बोलायचं नाही. सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा, मध्ये मिनिटभर थांबून. पट्टा दंडाच्या घेराला साजेसाच हवा, लहान झाला तर आकडा उगाच जास्त येतो. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्यायचे आणि उरलेल्यांची सरासरी काढायची. दवाखान्यात १४०/९० ही सीमा मानतात, घरच्या सरासरीला १३५/८५.

शिबिरात मी खुर्चीत टेकल्या टेकल्या पट्टा बांधला होता आणि वर बडबडही चालू होती. त्यामुळे मला पुन्हा आशा वाटू लागली.

त्या आठवड्यात मी जे केलं ते इथे लिहायला लाज वाटते, पण लिहितो. पहिला आकडा १५२/९६ आला की मी पुन्हा मोजायचो. १४६ आला की पुन्हा. खिडकी उघडून, डोळे मिटून, दीर्घ श्वास घेऊन पुन्हा. १३३ आला की तो वहीत टिपायचा. सातव्या दिवशी माझ्या वहीत २८ सुबक नोंदी होत्या आणि सरासरी होती १३१/८४. सीमेच्या आत. मी खूश.

बाईंनी वही पाहिली, बाजूला ठेवली आणि मशीन मागितलं. ते घेऊन यायला त्यांनी आधीच सांगितलं होतं, का ते मला कळलं नव्हतं. त्यांनी कोपऱ्यातलं 'एम' लिहिलेलं बटण दाबलं आणि दाबतच राहिल्या.

"वहीत २८ आहेत. मशीनमध्ये ६१ आहेत," त्या म्हणाल्या.

मी खिडकीबाहेर पाहिलं.

मशीनमधली सरासरी १४८/९४ निघाली. त्या रागावल्या नाहीत. उलट म्हणाल्या की असं करणारा मी पहिला नाही, बरेच जण परीक्षा द्यायला बसल्यासारखे मोजतात. मग त्यांनी रूझवेल्टची गोष्ट सांगितली. अमेरिकेच्या या राष्ट्राध्यक्षांना मार्च १९४४ मध्ये एका हृदयरोगतज्ज्ञाने तपासलं तेव्हा त्यांचं बीपी १८६/१०८ होतं. वय ६२. त्यांचे व्यक्तिगत डॉक्टर मात्र 'वयाच्या मानाने प्रकृती ठीक' असंच जगाला सांगत राहिले. त्या काळात वय वाढलं की बीपी वाढायचंच, किंबहुना ते वाढलेलंच बरं, असं मानणारे डॉक्टर पुष्कळ होते. १२ एप्रिल १९४५ ला मेंदूत रक्तस्राव होऊन रूझवेल्ट गेले, त्या दुपारी त्यांचं बीपी ३००/१९० मोजलं गेलं होतं. पुढे १९४८ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅम नावाच्या गावात ५,२०९ धडधाकट स्त्री-पुरुषांना निवडून त्यांच्यावर वर्षानुवर्षं नजर ठेवण्याचं काम सुरू झालं. कुणाला हृदयविकार होतो, कुणाला नाही, आणि दोघांत आधीपासून काय फरक होता, एवढंच पाहायचं. बीपी, कोलेस्टेरॉल, सिगारेट यांची जोखीम आज आपण गृहीत धरतो, तिच्या मुळाशी प्रामुख्याने ते गाव आहे.

"म्हणजे ती माणसंसुद्धा तपासून घ्यायला तयार झाली तेव्हा ठणठणीतच होती," बाई म्हणाल्या. टोमणा होता की नाही, अजून ठरवलेलं नाही.

रक्त-लघवीच्या तपासण्या झाल्या. साखर सीमेच्या आसपास, मूत्रपिंडं ठीक, एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १६२. ईसीजी मात्र अगदी नॉर्मल आला. मी त्याचा फोटो काढून लगेच दादाला पाठवला. आमच्याकडे ईसीजीला अजून 'कार्डिओग्राम' म्हणतात आणि तो चांगला आला की पुढच्या पाच वर्षांची हमी मिळाली असं समजतात. बाईंनी तो भ्रमही मोडला. स्वस्थ पडून काढलेला ईसीजी त्या घडीचं सांगतो, फार तर झालेल्या इजेच्या खुणा दाखवतो. रक्तवाहिनीच्या भिंतीत साचत असलेली चरबी त्यात दिसत नाही. शिवाय झटका येतो तो नेहमी जवळपास बुजलेल्या वाहिनीतच येतो असंही नाही. फारशी न अरुंदलेल्या जागची चरबीची गाठ फुटते, तिच्यावर रक्ताची गुठळी धरते आणि काही मिनिटांत वाट बंद होते. 'किती टक्के ब्लॉकेज' या एकाच प्रश्नाभोवती आपल्या गप्पा फिरतात, तिथेच घोटाळा होतो.

मग जोखमीचा तक्ता निघाला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये जगाच्या २१ विभागांसाठी वेगवेगळे तक्ते सुधारून काढलेत, त्यातला एक. वय, लिंग, सिगारेट, मधुमेह, वरचं बीपी, कोलेस्टेरॉल. सिगारेटच्या रकान्यात मी 'कधीतरी' लिहिलं होतं.

"कधीतरी म्हणजे?"

"दोन-तीन."

"आठवड्याला?"

"दिवसाला."

मला वाटत होतं की दोन-तीन म्हणजे हिशेबात धरण्याजोगं नाही. २०१८ मध्ये अनेक पाहण्या एकत्र करून काढलेला निष्कर्ष त्यांनी सांगितला: दिवसाला वीस ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जेवढा जादा धोका असतो, त्याच्या जवळपास निम्मा धोका दिवसाला एकच ओढणाऱ्यालाही असतो. वीसवरून एकवर आलो म्हणजे एकोणीस वाचल्या, हे गणित फुप्फुसांच्या कर्करोगाला बरंचसं लागू पडतं, हृदयाला नाही. हे मला खरंच माहीत नव्हतं. माझ्या ओळखीत 'कमी केलीय' म्हणणारे किमान सहा जण आहेत, त्यांनाही नसणार.

तक्त्यावर माझं बोट ९ टक्क्यांवर आलं. पुढच्या दहा वर्षांत हृदयविकार किंवा पक्षाघात होण्याची शक्यता शंभरात नऊ. अण्णा या तक्त्यात धरलेले नाहीत, म्हणून थोडी जास्तच समजा, असं बाई म्हणाल्या.

मी लगेच वकिली सुरू केली. "म्हणजे शंभरातल्या एक्याण्णवांना काहीच होणार नाही. मग ते बिचारे दहा वर्षं गोळ्या फुकटच खाणार?"

त्या हसल्या. म्हणाल्या की हा प्रश्न बरोबर आहे आणि तो जुनाही आहे. जेफ्री रोझ नावाच्या ब्रिटिश साथरोगतज्ज्ञाने १९८१ मध्ये त्यावरच बोट ठेवलं होतं. ज्या उपायाने समाजाचा मोठा फायदा होतो, त्यातून एकेका माणसाच्या पदरात फारसं पडलेलं दिसत नाही. ज्याचा झटका टळला त्याला तो टळल्याचं कधीच कळत नाही. "नऊ जण कोणते ते मला आधी कळलं असतं तर तुम्हाला घरी पाठवलं असतं," त्या म्हणाल्या.

गोळीबद्दल माझी शेवटची हरकत सगळ्यांचीच असते ती. एकदा चालू झाली की सुटत नाही. त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "गोळी सुटत नाही असं नाही. बीपी सुटत नाही. वजन, मीठ, सिगारेट, चालणं यातून ते उतरलं तर गोळी कमी करू, बंदही करू. पण मला विचारून. बरं वाटलं म्हणून नाही."

मला आत्याचा फोन आठवला. मी चिठ्ठी घेतली.

बीपीच्या गोळीने काही त्रास झाला नाही. कोलेस्टेरॉलच्या गोळीने झाला. डब्यातला कागद मी आधी सगळा वाचून काढला होता, त्यात स्नायूदुखी लिहिली होती, आणि चौथ्या दिवशी माझ्या पोटऱ्या दुखू लागल्या. गोळी बंद करायच्या बेतात होतो. बाईंनी लंडनमधला एक प्रयोग सांगितला. २०२० साली त्याचे निष्कर्ष आले. त्रास होतो म्हणून स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची हीच गोळी, सोडलेल्या ६० जणांना वर्षभर कुठल्या महिन्यात खरी गोळी, कुठल्या महिन्यात तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी आणि कुठल्या महिन्यात रिकामी बाटली दिली होती. खऱ्या गोळीने झालेल्या त्रासापैकी ९० टक्के त्रास खोट्या गोळीनेही झाला होता. म्हणजे दुखणं खोटं नव्हतं, दुखायचंच पण ते औषधामुळे नव्हे, औषधाच्या धास्तीमुळे. अर्थात काहींना औषधाने खरोखर त्रास होतो, म्हणून माझी एक रक्ततपासणी करून घेतली. ती ठीक आली. दोन आठवड्यांनी पोटऱ्या दुखायच्या आपोआप थांबल्या.

मिठाचं प्रकरण मात्र घरात तापलं. एक किलोच्या पुडीवर मी ती फोडल्याची तारीख पेनाने लिहून ठेवली. चार माणसांत ती २६ दिवसांत संपली. भागाकार केला, माणशी रोज साडेनऊ ग्रॅमच्या वर. जागतिक आरोग्य संघटना पाचच्या आत म्हणते. आणि यात बाहेरून आलेल्या तयार पदार्थांतलं मीठ धरलेलंच नाही. हे मी विजयी मुद्रेने जाहीर केलं आणि तिथेच चुकलो. हिशेब मिठाचा होता, घरात तो स्वयंपाकाचा झाला. "मग उद्यापासून तुम्हीच करा," असं उत्तर आलं. काही दिवस मीच केला. पुढची पुडी ३८ दिवस पुरली. त्यात माझ्या हातचं कुणी फारसं जेवलं नाही हेही कारण असू शकेल.

सिगारेट सोडायला तीन प्रयत्न लागले. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

सप्टेंबरमध्ये ऑफिसने जागतिक हृदय दिनाला, म्हणजे २९ तारखेला, बीपी मोजण्याचं टेबल लावलं. नर्सच्या मदतीला कोण बसणार विचारलं तेव्हा मी हात वर केला. दिवसभरात जे ऐकलं ते महिनाभर डोक्यात घोळत राहिलं.

कुणालाच माहिती नव्हती असं मुळीच नाही. एकाने मला तीन मुख्य धमन्यांची नावं सांगितली, साध्या आणि औषधाचा थर दिलेल्या स्टेंटमधला फरकही समजावला. स्वतःचं बीपी विचारल्यावर म्हणाला, "नॉर्मलच असणार." शेवटचं कधी मोजलं? आठवत नव्हतं. एक जण दहा पावलांवर उभा राहून बाकीच्यांचे आकडे ऐकत होता, हाक मारली तर मीटिंगला गेला. एक सडपातळ, रोज पळणारा तिशीतला मुलगा केवळ गंमत म्हणून बसला. त्याचं पाच मिनिटं बसवून तीनदा मोजलं तरी १५० च्या खाली येईना. तो म्हणाला, "पण मी तर बारीक आहे." त्याच्या आवाजात फसवणूक झाल्यासारखा सूर होता. दोघी-तिघी म्हणाल्या, "हे पुरुषांचं जास्त ना?" जगभरात बायकांच्या मृत्यूचंही पहिल्या क्रमांकाचं कारण हृदय आणि रक्तवाहिन्यांचे आजारच आहेत हे मी सांगितलं, तेव्हा एकीने पर्स खाली ठेवून हात पुढे केला. दुसरी म्हणाली, "नको हो. उगाच काहीतरी निघायचं."

हे वाक्य त्या दिवशी मी चार वेगवेगळ्या तोंडांतून ऐकलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अंदाजाप्रमाणे जगात ३० ते ७९ वयाच्या सुमारे १२८ कोटी लोकांना उच्च रक्तदाब आहे आणि त्यातल्या ४६ टक्क्यांना तो असल्याचं माहीतच नाही. हा आकडा पूर्वी वाचला असता तर मला वाटलं असतं की बिचाऱ्यांना दवाखाना मिळत नसेल, माहिती नसेल. जिथे नसतं तिथे नसतंच. पण आमच्या टेबलाशी मशीन होतं, नर्स होती, खुर्ची रिकामी होती. बसायचं नव्हतं. आकडा नसतो तोवर आपण निरोगी असतो, आकडा आला की आपण रोगी होतो, आणि हा बदल रक्तवाहिनीत नाही तर त्या खुर्चीत घडतो, असं काहीतरी आपल्या मनात बसलेलं आहे. मी कुणाला हसावं? मी तर खुर्चीत बसूनही ३३ आकडे गाळले होते.

त्या आठवड्यात दादाचा फोन आला. इकडतिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, "तुझं ते मशीन दोन दिवस दे. हिला जरा गरगरल्यासारखं होतंय." मी नेऊन दिलं, पट्टा कसा बांधायचा ते वहिनींना दाखवलं. पाच मिनिटं गप्प बसायचं म्हटल्यावर वहिनी हसल्या, "भावजी, पाच मिनिटं बसायला मिळालं तर बीपी कशाला वाढेल?"

दोन दिवसांचे पाच आठवडे झाले. मागितलं की दादा म्हणायचा, "राहू दे, देतो." शेवटी परवा मीच जाऊन घेऊन आलो. निघताना वहिनींना विचारलं, गरगरणं थांबलं का? त्या म्हणाल्या, "मला कुठे काय होतंय? आणि तो पट्टा मी बांधलाच नाही. आवळतो फार."

घरी येऊन मशीन टेबलावर ठेवलं. सेल उतरले होते, बदलले. मग 'एम' दाबलं. दुसऱ्या माणसासाठी वेगळा कप्पा असतो त्यात, तो माझ्याकडे कायम रिकामा होता. आता त्यात ४४ नोंदी होत्या. १५८/९८. १५४/९६. १६१/१००. १५७/९५. सगळ्या पहाटे चार ते पाचच्या दरम्यानच्या.

मशीन पुन्हा पिशवीत घातलं आणि तसाच दादाकडे परत गेलो. दार त्यानेच उघडलं.

"सेल बदललेत," एवढंच म्हणालो आणि पिशवी त्याच्या हातात दिली.